सावे सरांचा कंदील

सावे सरांच्या शिकवणीत भर दुपारी कंदील जळायचा. टेबलावर नाही, खिळ्याला टांगून नाही. खाली फरशीवर, आमच्या चपलांच्या रांगेशेजारी.

वर ट्यूबलाइट, खिडकीतून आत येणारं, बोईसरजवळच्या आमच्या सालवडचं पांढरं ऊन, आणि खाली ही ज्योत. इतक्या उजेडात ती धड दिसायचीही नाही. काचेच्या वर हवा थरथरताना दिसायची, तेवढंच. नवीन आलेला मुलगा आधी कंदिलाकडे बघायचा, मग आमच्याकडे, मग दाराकडे. आम्ही जुनी मंडळी त्याला डोळ्यांनीच सांगायचो, बस, होईल सवय. खरं तर आमच्यापैकी कुणालाच ती झाली नव्हती.

सर यायचे ते दारातच थांबायचे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, काखेत अकरावीचं रसायनशास्त्र, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत कंदील. उकिडवे बसून तो पेटवायचे, वात ठीक करायचे, काठीने दारातून आत सरकवायचे आणि स्वतः बाहेरच उभे राहायचे. आम्हीही बाहेर. हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्या अरुंद जिन्यात तेवीस मुलं चार-पाच मिनिटं गप्प उभी. मग सर "हं" म्हणायचे आणि आम्ही आत जायचो. शाळेत प्रार्थना असते, तशी आमची ही.

कंदील शिकवणीपुरता असता तरी समजलं असतं. सर तो सगळीकडे न्यायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण होता. सर दारात आले, आधी विचारलं, "गॅसचं बटण बंद आहे ना?" मग नाक वर करून वास घेतला आणि कंदील पेटवून चौरंगाच्या शेजारी ठेवला. कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, सावे मंडळींकडची काही रीत असेल. त्यांनी कंदिलाला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. सरांनी ते फूल उचलून चौरंगावर ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ह्याला नको. हा ड्यूटीवर आहे."

त्या दिवसापासून बिल्डिंगमधली लहान मुलं सरांच्या स्कूटरच्या जवळूनही जायची नाहीत.

सरांचं दुसरं वेड म्हणजे दोन शब्द. "आणि तळाशी?"

तुम्ही गणित सोडवा, दाब लिहा, तापमान लिहा, आकारमान काढा, उत्तराखाली दोन रेघा मारा. सर वहीत डोकावणार, "बरोबर" म्हणणार, आणि मग थोडं थांबून, "आणि तळाशी?"

तळाशी काय, ते कधी सांगायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात आम्ही वहीच्या पानाचा तळ बघायचो. तिथे काही लिहायचं राहिलं की काय! नाक्यावरच्या चहावाल्याने एकदा विचारलं, "सर, साखर बरोबर आहे ना?" सर म्हणाले, "वर आहे. आणि तळाशी?" चहावाला बिचारा पुढचा महिनाभर सरांचा चहा चमच्याने घुसळून घुसळून द्यायचा. घुसळताना वर बघायचा नाही.

आमची हजेरी अणुक्रमांकाने व्हायची. पहिला हायड्रोजन, दुसरा हेलियम, असं करत चोविसावा क्रोमियम. नावाने सर कुणालाच हाक मारायचे नाहीत. मी सतरा, म्हणजे क्लोरीन. "नावाला जागतेस हो," सर म्हणायचे. "जाशील तिथे लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढतेस." आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा कामगारांच्या संघटनेत, मी अक्षरं जोडून वाचायला शिकले ती कारखान्याच्या गेटवर वाटायच्या कागदांवर. त्यामुळे कुणाशीही भांडायचं झालं की माझी तयारी असायचीच.

चोवीस नंबर आणि मुलं तेवीस, हा हिशोब तुमच्या लक्षात आला असेल. सात नंबर कुणालाच मिळायचा नाही. सात म्हणजे नायट्रोजन. सात नंबरची खुर्ची भिंतीशी मोकळी असायची, आणि रोज पुसलेली. हजेरीत सर "सहा" म्हणायचे, कार्बन "हजर" म्हणायचा. मग "सात" म्हणायचे आणि थांबायचे. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडायला लागतो तेवढा वेळ. त्या वेळात पंख्याचा आवाज एकदम मोठा व्हायचा. मग सर स्वतःच वहीत खूण करायचे आणि पुढे, "आठ".

एकदा नवीन मुलीचे वडील चौकशीला आले. पत्र्याच्या कारखान्यात माल चढवणारा तगडा माणूस. दमून आला होता, समोर दिसली त्या खुर्चीत बसला. सातच्या.

सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. वळलेही नाहीत. खडू चालूच. "तिथे कुणीतरी बसलंय," म्हणाले.

तो माणूस असा उठला, जणू बसलाच नव्हता. उठून त्याने खुर्चीकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "माफ करना भाई." आम्हाला हसू आलं. पण मोठ्याने हसलं कुणीच नाही. मी तेव्हा कंदिलाकडे बघत होते. पंखा बंद होता, खिडकी बंद होती, आणि ज्योत हळूच खुर्चीच्या बाजूला कलून पुन्हा सरळ झाली. माणूस उठल्यामुळे हवा हलली असणार. मी अजूनही असंच म्हणते.

आता सरांचं सगळ्यात गाजलेलं गणित सांगते. ते वर्षाच्या पहिल्या तासाला असायचं, आणि मग वर्षभर अधूनमधून. खोलीची लांबी पाच मीटर, रुंदी चार, उंची तीन. म्हणजे साठ घनमीटर, साठ हजार लिटर. केळी डझनाने मोजतात तसे वायूचे रेणू मोलने मोजतात, आणि बोईसरच्या उन्हात एक मोल वायूला जागा लागते पंचवीस लिटर. मग खोलीत हवा किती? दोन हजार चारशे मोल. इथवर सगळ्यांचं जमायचं. मग सर विचारायचे, "माणशी किती?"

तेवीस मुलं आणि सर मिळून चोवीस. दोन हजार चारशे भागिले चोवीस. शंभर. असं गोल उत्तर आलं की मुलांचे चेहरे फुलायचे. सर लाल पेनाने ते खोडायचे आणि बाजूला लिहायचे, शहाण्णव.

"सर, चोवीसच जण आहोत."

"मोज पुन्हा."

पोरं पुन्हा मोजायची. मान वळवून, बोट दाखवून. भिंतीपाशी आलं की बोट थांबायचं. त्या वयात मला हा सरांचा हट्ट वाटायचा, आणि हट्टाला हट्टाने उत्तर द्यायचं हे मला घरातच शिकवलेलं. मी वर्षभर शंभर लिहीत राहिले. सर वर्षभर खोडत राहिले. आरडाओरडा नाही. "सतरा, एकक लिहिलंस हे चांगलं केलंस. उत्तर चूक."

आणि दर शनिवारी टाकी. चार मीटर उंच, दोन मीटर रुंद, उभी, गोल, पोलादी टाकी. आत नायट्रोजन, दाब बाहेरच्या हवेएवढाच. मोल किती, वजन किती? दर शनिवारी तीच टाकी, तेच आकडे. पाचशेच्या जरा वर मोल, चौदा किलो वजन. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. तरी सर ते आमच्याकडून पहिल्या पायरीपासून सोडवून घ्यायचे. एकदा हेलियम म्हणाला, "सर, चौदा किलो म्हणजे घरच्या सिलिंडरातल्या गॅसएवढंच की. एवढ्या मोठ्या टाकीत एवढंसंच?"

सर खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "पुरतं," म्हणाले.

बारावी झाली, मी पालघरला कॉलेजात गेले आणि पुढे बाबांच्याच संघटनेत पत्रकं लिहायला लागले. सरांनी लावलेली एककाची सवय मात्र सुटली नाही. 'बरेच तास राबवतात' असं मी कधी लिहिलं नाही. किती तास, कुठल्या शिफ्टला, ते लिहायचं. सर रस्त्यात भेटले की स्कूटर थांबवायचे. "वाचलं, सतरा. दुसऱ्या परिच्छेदात एकक राहिलंय."

गेल्या वर्षी तारापूरच्या एमआयडीसीत एका टाकीत उतरलेले दोन कामगार बेशुद्ध पडले. नशीब, दोघेही वाचले. आम्ही ठरवलं, आधी टाकीत जीव गेलेल्या माणसांचीही माहिती काढायची आणि सगळं एका पत्रकात आणायचं. तशी मी कमलमावशीकडे पोचले. तिचा नवरा दामू, ठेकेदाराकडे टाक्या साफ करायला जायचा. मी शिकवणीला जायच्याही आधी, एका टाकीत उतरला आणि वर आला नाही. कारखान्याच्या अहवालात लिहिलं होतं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

कमलमावशीने प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "सगले कागद हायत बग. मला वाचता येत नाय. तू वाच."

ओट्यावर बसून मी एकेक कागद उलगडला. टाकीत उतरायच्या परवान्याची छायाप्रत निघाली. टाकीची उंची चार मीटर. व्यास दोन मीटर. आत नायट्रोजन.

हे आकडे वाचताना मला समोरचा फळा दिसला. खाली लिहिलं होतं, 'हवा तपासली, माणूस उतरण्यास हरकत नाही', आणि सही. ह. ग. सावे, केमिस्ट.

"मावशी, हे सावे सर?"

"कंदीलवाला," ती म्हणाली. "मयनातून एकदा येतो. कंदील ओट्याच्या खाली ठेवतो, थोडा वेळ उभा ऱ्हातो नि जातो. बस म्हटला तर बसत नाय, पानी दिला तर घेत नाय. येडा हाय. पन जाताना अंगनातला पाचोला उचलून जातो."

"तुला माहीत होतं? सही ह्यांची होती ते?"

"त्यानंच सांगितला. तेराव्याच्या आदी आलता. मी त्याला दारात उबा पन केला नाय तवा."

"मी पत्रकात नाव लिहिणार आहे, मावशी."

ती पदराच्या टोकाला गाठ मारत बसली. मग म्हणाली, "नाव लिव. पन खोटा लिवू नको."

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याचं नाव छापायचं, त्याला कागद आधी दाखवायचा. बाबा म्हणतात, पाठीमागे छापणं हे मालकांचं काम. आणि दुसरा नियम, की ओळखीचा आहे म्हणून कुणाला वगळायचं नाही. दोन्ही नियम मी इतरांना मोठ्या आवाजात शिकवत असते. त्या शुक्रवारी मजकूर लिहिलेला कागद घेऊन सरांचा जिना चढताना मला तिसरा एखादा नियम हवा होता.

दुपारची वेळ, शिकवणीला तासभर होता. सर दाराबाहेर उभे होते आणि आत रिकाम्या खोलीत कंदील जळत होता.

"ये, सतरा."

सर "हं" म्हणेपर्यंत आम्ही दोघेही जिन्यात उभे राहिलो. मग आत गेलो. मी कागद दिला. मथळा होता, 'टाकीत उतरलं कोण, सही केली कुणी?' पहिली ओळ, 'केमिस्ट ह. ग. सावे यांनी हवा न तपासता सही केली आणि विषारी वायूने दामू यांचा बळी घेतला.'

सरांनी उभ्यानेच वाचलं. सरांना बसलेलं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. मग खिशातून लाल पेन काढलं. मला वाटलं, आता फाडतील, किंवा रडतील, किंवा मला हाकलतील. त्यांनी 'विषारी' या शब्दाखाली रेघ मारली.

"नायट्रोजन विषारी असतो?"

"नाही सर." इतक्या वर्षांनीही उत्तर विद्यार्थिनीसारखंच निघालं.

"हवेत किती?"

"पाचातले जवळजवळ चार भाग."

"म्हणजे आत्ता तुझ्या छातीत आहे. माझ्याही. तो कुणाला काही करत नाही. फक्त जागा घेतो. ऑक्सिजनच्या जागेवर बसून राहतो. वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. माणसाला कळतच नाही. एक श्वास, दुसरा श्वास, आणि गुडघे दुमडतात." सरांनी पेन खाली सरकवलं. "ही दुसरी चूक. 'हवा न तपासता'. तपासली होती."

कमलमावशीचं वाक्य मला तेव्हा आठवलं. परवान्यावर स्पष्ट लिहिलेलं असून मी ते खोटं धरलं होतं. तपासून बघितलं नव्हतं.

"आत सॉल्व्हंटची वाफ उरली असेल तर पेट घेऊ नये म्हणून टाकीत नायट्रोजन सोडतात," सर सांगू लागले. "मग झाकण उघडायचं, पंख्याने बाहेरची हवा आत घालायची, आणि मग माणूस. पंखा दुसऱ्या प्लांटवर होता. सुपरवायझर खालून ओरडत होता, दोनच्या शिफ्टला माल भरायचाय. झाकण उघडून दहा मिनिटं झाली होती. मी मीटर धरला. वीस पूर्णांक नऊ टक्के. आपल्या अंगणातल्या हवेत असतो तेवढा ऑक्सिजन. कुठे धरला होता, विचार."

"कुठे, सर?"

"तोंडाशी. झाकणापाशी. तिथे वारा होता."

बाहेर रस्त्यावर टेम्पो गेला. कंदिलाची काच किणकिणली.

"दामू शेजारी उभा होता. हातात खरवडायचा पत्रा. कमरेला दोरी नाही, मीही विचारलं नाही. मला म्हणाला, 'सायेब, आनि तलाशी?'"

वर्षभर मी त्या प्रश्नाची टिंगल केली होती. चहावाल्यासमोर, मैत्रिणींसमोर, सरांचा आवाज काढून. तो आवाज सरांचा नव्हताच.

"मी त्याला शिकवलं, सतरा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी रसायनशास्त्र शिकवलं. म्हटलं, दामू, वायू मिळेल ती सगळी जागा सारखी व्यापतो. वर जे आहे, तेच खाली. तो हसला. म्हणाला, 'तुमी शिकलेले, तुमाला ठाव.' आणि शिडी धरली. वाक्य चूक नाही. पुस्तकात आजही तसंच आहे. व्यापतो, पण कधी? सूत्रात दाब हाय, आकारमान हाय, तापमान हाय. येल नाय. येल कुठंच नाय त्या सूत्रात."

सरांच्या तोंडून गावची, वेळेला 'येल' म्हणणारी बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"माकुणसारला आमच्या वाडीत विहीर. दर वर्षी गाळ काढायला बाप उतरायचा. आधी दोरीने कंदील सोडायचा. अर्ध्यावर नाय, पार तलाला. मग काठावर बसून बिडी ओढायचा. बिडी संपली आनि कंदील जलत असला, तर उतरायचा. इझला तर त्या दिवशी उतरायचा नाय. मी काठावर बसून बगायचा ना! दर वर्षी बगायचा. बापाला सूत्र ठाव नव्हता, बिडी ठाव होती. मी एमएस्सी झालो."

मी म्हणाले, "सर, पंखा नव्हता, दोरी नव्हती, सुपरवायझर ओरडत होता. ह्यात कारखाना आहे, ठेकेदार आहे. एकटे तुम्ही नाही."

"ते लिही. ओळीने लिही, एककासकट. पण माझं नाव खोडू नकोस." सर पुन्हा शिकवणीच्या भाषेत आले होते. "मी तेव्हाच लिहून दिलं होतं, की चूक दामूची नाही, माझी आहे. तो कागद फायलीला लागला नाही. त्यांना दामूचीच चूक बरी पडली. इतकी वर्षं झाली, सतरा, माझा पेपर कुणी तपासायलाच घेत नव्हतं."

"हे सोमवारी गेटवर वाटणार आम्ही. तुमच्या सगळ्या मुलांचे आईवडील तिथेच कामाला आहेत. शिकवणी बंद पडेल." शिकवणीशिवाय सरांकडे काय होतं? माकुणसारची वाडी भावाकडे गेलेली, लग्न केलेलं नाही. ही खोली, स्कूटर, तेवीस मुलं आणि एक खुर्ची.

"उत्तर आवडलं नाही म्हणून कुणी बदलतं का?" सर म्हणाले. त्यांनी पहिली ओळ खोडली आणि वर लाल अक्षरात लिहिलं, 'केमिस्ट ह. ग. सावे यांनी हवा टाकीच्या तोंडाशी तपासली, तळाशी तपासली नाही, आणि सही केली.' कोपऱ्यात गोल करून गुण दिले. दहापैकी सहा. सहाच का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही पत्रकं वाटली. पंख्याचं, दोरीचं, ठेकेदाराचं, सुपरवायझरच्या ओरडण्याचं, सगळं ओळीने होतं. पण लोक पहिल्या ओळीपाशीच थांबायचे. "ये अपने सावे सर?" एका बाईने कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि माझ्याकडे अशी बघून गेली, जणू मी तिचंच काही चोरलं होतं. कामगारांच्या बाजूने लिहिलेल्या कागदाबद्दल कामगाराच्या नजरेला नजर देता न येणं, हे मला नवीन होतं.

शनिवारी मी शिकवणीला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. जिन्यात मुलं उभी होती, मी मोजली. तेरा. दहा आली नव्हती. आत कंदील जळत होता आणि सर दारात पाठमोरे उभे होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, पण मान त्या आठवडाभरात बारीक झालेली.

"हं."

आत जाऊन मी मागे, दाराशी उभी राहिले. हजेरी सुरू झाली. नंबर पुकारायचा, उत्तर नाही, पुढचा नंबर. त्या दिवशी रिकाम्या खुर्च्या एवढ्या होत्या, की सातची वेगळी ओळखूही आली नसती. पण ती पुसलेली होती.

"सहा."

"हजर."

"सात."

सर थांबले. पंख्याचा आवाज मोठा झाला. तेरा मुलं खाली मान घालून बसली होती. त्या सगळ्यांना आता माहीत होतं सात कोण ते. आणि ज्याचं नाव माहीत आहे त्याची वाट बघणं हे आधीपेक्षा जास्त भयंकर होतं. सरांनी वहीत खूण केली.

टाकीचं गणित त्यांनी घातलं नाही. पहिल्या तासाचं गणित घातलं. कदाचित वर्ग नव्याने मोजायचा होता म्हणून. "खोली तीच. हवा दोन हजार चारशे मोल. आज माणशी किती? अकरा, ये."

अकरा म्हणजे सोडियम. बोलताना लाजणारी, चिमणीच्या आवाजाची मुलगी. तिने खडू घेतला. मी मनात केलं. तेरा मुलं, सर, मी. पंधरा. एकशे साठ. अजूनही माझं पहिलं उत्तर तेच.

तिने लिहिलं, दोन हजार चारशे भागिले सोळा. दीडशे.

सरांनी लाल पेन उघडलं नाही. "सोळा का?" त्यांनी विचारलं. आम्हाला इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. खोडून बरोबर उत्तर लिहायचे, बस.

सोडियम खडू चिमटीत फिरवत म्हणाली, "पंधराच असतो तर एकशे साठ आले असते, सर. मग प्रत्येकाने आपल्यातले दहा दहा सोडले. पंधरा जणांचे दीडशे होतात." तिने भिंतीकडे बघितलं. "त्याला पुरतात."

मी दाराला टेकून माझं वर्षभर खोडलेलं गणित पुन्हा मांडलं. शंभर आणि शहाण्णव. चार चार, चोवीस जणांचे. शहाण्णव.

सरांनी फळ्यावरचा दीडशेचा आकडा पाहिला. "एकक?"

"मोल, सर."

"बरोबर." मग नेहमीसारखं थांबून, पण अगदी हळू, "आणि तळाशी?"

सोडियमने खडू ठेवला. ओढणी सावरून ती खाली उकिडवी बसली, गाल जवळजवळ फरशीला लावून तिने कंदिलाच्या काचेच्या आत नीट बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. बिडी संपायला लागेल एवढा वेळ तिने घेतला.

"जळतोय, सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. मग हाताने चाचपडत टेबलामागची खुर्ची ओढली आणि ते बसले.